नसलेली सुरी

हल शहरातलं नाटक बघून परतताना
हंबरचा पूल येईपर्यंत बसमध्ये कोणी बोललं नाही.
मग डेस्मंड म्हणाला, "पैसे पाण्यात.
एक बाई पाऊण तास संत्री सोलते,
याला नाटक म्हणायचं?"
आणि सगळे तुटून पडले,
अर्धे त्याच्यावर, अर्धे त्या बाईवर.
मी गप्प.
आम्ही अकराव्या रांगेत होतो,
आणि साल फाटल्याचा वास तिथवर आला होता
पहिला शब्द यायच्या कितीतरी आधी.

सोमवारी मिस ॲबलेटनी वह्या वाटल्या.
"आवडलं की नाही, ते घरी जाऊन सांगा.
इथे लिहा, काय दिसलं,
आणि ते कशामुळे दिसलं."
मी लिहिलं: उजेड पिवळा, डावीकडून. शांतता फार लांब.
मग खाली, बारीक अक्षरात:
दर संत्र्याची एक फोड ती शेजारच्या
रिकाम्या खुर्चीवर ठेवत होती.
मिसनी त्याखाली रेघ मारली.
शेरा नाही. नुसती रेघ.

मग आमची पाळी.
वीस मिनिटांचं, स्वतःचं, लेखक नसलेलं.
डेस्मंडला युद्ध हवं होतं, धुरासकट.
ऱ्हियानला आरसे.
रुटाला काय हवं ते इंग्रजीत सांगता येईना
आणि लिथुआनियन आमच्यातल्या कोणाला येईना.
तीन आठवडे आम्ही एकमेकांच्या कल्पना
मांजरानं उंदीर खेळवावा तशा खेळवल्या
आणि अर्धमेल्या सोडून दिल्या.

एका गुरुवारी, चिप्स खाता खाता, मी बोलून गेलो
की माझी आई ग्रिम्सबीच्या गोदीमागे मासे कापते.
की रविवारी टीव्ही बघतानाही
तिचं मनगट मांडीवर आपोआप वळत राहतं.
हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.
शाळेत असताना तर
दप्तराला वास येतो का, रोज हुंगून बघायचो.
चिप्स गार झाल्या.
रुटा म्हणाली, "दाखव."

मासा नको, सुरी नको, असं ठरलं.
चौघं एका ओळीत, वर ट्यूबलाइटची घरघर,
आणि मनगटं.
तालमीत आधी ऱ्हियानचे आरसे गेले, मग पार्श्वसंगीत.
डेस्मंडनं स्वतःचं दीड पानी स्वगत
स्वतःच्या हातानं फाडलं;
त्याच्या अख्ख्या युद्धात एवढं शौर्य नव्हतं.

प्रयोगाला चाळीस खुर्च्या. रेडिएटर मधूनच ठोके देत होता.
आई पाळी संपवून तडक आली,
जाळीनं चपटे झालेले केस तसेच,
आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली, कोट न काढता.
टाळ्या बऱ्याच झाल्या.
डेस्मंडचे वडील रडले, आणि सर्दी झाल्याचं सांगत सुटले.
परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

आम्ही खुर्च्या रचत होतो तेव्हा आई पुढे आली.
"छान केलंत," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"पण सुरी चुकीची धरता.
असं कापाल तर बुधवारपर्यंत अंगठा जाईल."

आणि पिशवी खाली ठेवून ती मधोमध उभी राहिली.
रंगमंचाचे दिवे केव्हाच बंद झाले होते.
डाव्या हाताची दोन बोटं कल्ल्यात,
अंगठा मिटलेला,
पातं मधल्या काट्याला लागून, घाई नाही,
एक झटका, पालटणं, पुन्हा काटा.
हॅडॉक होता. आकारावरून कळलं मला.
"पुन्हा," रुटा म्हणाली.
आईनं पुढचा उचलला.
हा जरा जड होता.

डेस्मंड अगदी जवळ येऊन वाकून बघत होता.
आईचा हात वळला,
तसा तो पटकन एक पाऊल मागे सरला,
पातं लागू नये म्हणून.

शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला.
मग त्यानं किल्ल्या मुठीत धरल्या,
वाजू नयेत अशा.